सिंहगड (मूकपट)

सिंहगड : (१९२३). कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने निर्माण केलेला व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी दिग्दर्शित केलेला ऐतिहासिक मूकपट. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. लोकमान्य मराठी कादंबरीचे पडद्यावर रूपांतर करण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. मराठी ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा, रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर आणि साहित्यकृतीला दृश्यरूप देण्याची पद्धती या तिन्ही दृष्टींनी या मूकपटाला महत्त्व आहे. आज मात्र त्याची प्रत उपलब्ध नाही.

कादंबरी व मूकपट : चित्रपटाचा शोध लागल्यानंतर अवघ्या पाचसहा वर्षांत इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळातील कादंबऱ्या व कथा पडद्यावर येऊ लागल्या. चार्ल्स डिकिन्झच्या ‘ए ख्रिस्मस कॅरल’ या कथेवरील लघुपट १९०१ मध्ये, तर लूइस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या कृतीवरील सेसिल हेपवर्थ व पर्सी स्टो यांचा मूकपट १९०३ मध्ये तयार झाला. नंतरचा हा मूकपट सु. ८०० फूट लांबीचा, म्हणजे जेमतेम बारा मिनिटांचा होता. तरीही तत्कालीन ब्रिटिश चित्रपटांत तो सर्वांत लांब होता. एवढ्या अवधीत संपूर्ण पुस्तक सांगणे अशक्यच होते. हेपवर्थ यांनी त्यातील निवडक प्रसंग घेतले आणि पात्रांच्या वेशभूषेसाठी जॉन टेनिएल या चित्रकाराने मूळ पुस्तकात काढलेल्या चित्रांचा आधार घेतला. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक आहे, हे गृहीत धरूनच अशी रूपांतरे रचली जात. पुढे चित्रपटांची लांबी वाढली. टॉमस बेंटली यांचा ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१९१३) व फ्रँक लॉइड यांचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९२२) यांसारख्या मूकपटांत कादंबरीचे कथानक बऱ्याच विस्ताराने मांडणे शक्य झाले.

भारतात दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटापासून पहिली काही वर्षे पौराणिक कथांचेच प्राबल्य होते. त्याचे कारणही प्रेक्षकाच्या पूर्वपरिचयातच होते. निरक्षर प्रेक्षकालाही ज्या कथा ठाऊक होत्या, त्या शब्दांवाचून सांगता येत. अर्वाचीन कादंबरीला हा लाभ नव्हता. तिचे वाचक शिक्षित वर्गापुरते मर्यादित होते. तथापि १९२० नंतर कादंबऱ्यांकडे निर्मात्यांचे लक्ष वळले. बंगालमध्ये बंकिमचंद्र चतर्जी यांच्या ‘विषवृक्ष’ या कादंबरीवर १९२२ मध्ये, तर मुंबईत कन्हैयालाल मुनशी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’ या गुजराती कादंबरीवर १९२४ मध्ये मूकपट निघाले. ‘सिंहगड’ याच काळातील असला, तरी त्याची स्थिती थोडी वेगळी होती. त्याचे कथानक कादंबरीतून घेतलेले असले, तरी मूळ प्रसंग पोवाड्याच्या रूपाने खेडोपाडी पोहोचलेला होता. त्यामुळे शिक्षित वाचक व निरक्षर श्रोता हे दोन्ही वर्ग या मूकपटाला एकाच वेळी लाभले.

ऐतिहासिक आधार : पुण्याच्या नैर्ऋत्येस सु. २५ किमी. अंतरावरील कोंढाणा हा किल्ला १६६५ च्या पुरंदर तहान्वये मोगलांकडे गेला होता. माघ वद्य नवमीच्या रात्री (४ फेब्रुवारी १६७०) तानाजी मालुसरे यांनी मावळ्यांसह कडा चढून त्यावर छापा घातला. किल्लेदार उदयभान राठोड व तानाजी हे दोघेही या लढाईत पडले आणि तानाजीचा बंधू सूर्याजी याने किल्ला काबीज केला. या प्रसंगाची सर्वांत जुनी मराठी हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत (१६९७) आढळते. ती त्रोटक असून तीत तानाजी व उदयभान परस्परांच्या हातून पडल्याचे सांगितले आहे. घोरपडीचा उल्लेख तीत नाही. यशवंती घोरपड, रायबाच्या लग्नाचे आमंत्रण, ऐंशी वर्षांचा शेलारमामा व त्याने उदयभानाचा घेतलेला सूड हे तपशील तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे सर्वतोमुखी झाले. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे तो छापील स्वरूपात वाचकांपुढे आला. तानाजीच्या मृत्यूनंतर किल्ल्याला सिंहगड हे नाव पडले, ही समजूतही लोकप्रिय आहे. परंतु १६७० पूर्वीच्या पत्रांतही हे नाव आढळते.

मूळ कादंबरी : हरि नारायण आपटे यांनी ही कादंबरी १९०३ च्या सुमारास लिहिली. त्यांच्या वाङ्‌मयीन घडणीत व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कादंबरीचा वाटा मोठा होता. ‘मधली स्थिति’ (१८८५) या त्यांच्या पहिल्या कादंबरीमागे रेनल्ड्झची प्रेरणा होती, तर ‘म्हैसूरचा वाघ’ ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलरच्या ‘टिपू सुलतान’ या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. साप्ताहिक हप्त्यांनी कादंबरी प्रसिद्ध करण्याची इंग्लंडमध्ये रुळलेली पद्धतीही त्यांनी आपल्या ‘करमणूक’ (स्थापना १८९०) या पत्रातून मराठीत रूढ केली. प्रत्येक हप्त्याच्या अखेरीस वाचकाची उत्सुकता ताणून धरणारी रचना, एकाच वेळी चालणारी दोन-तीन कथासूत्रे आणि त्यांचा एका निर्णायक प्रसंगात होणारा संगम ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. चित्रपटाच्या दृष्टीने ती विशेष उपयुक्त ठरली.

‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत पोवाड्यातील वीरकथेला कमलकुमारी या राजपूत स्त्रीच्या कथेची जोड दिलेली आहे. पतीच्या निधनानंतर सती जाण्यास निघालेल्या कमलकुमारीला उदयभानू अडवतो, बळाने कोंढाण्यावर आणून ठेवतो व तिच्याशी विवाह करू पाहतो. कमलकुमारीची सुटका आणि किल्ल्याची सुटका ही दोन सूत्रे अखेरच्या रात्री एकत्र येतात. या उपकथानकाला ऐतिहासिक साधनांचा आधार नाही; ती कादंबरीकाराची निर्मिती आहे. मात्र तीमुळे उदयभानू हा केवळ शत्रुपक्षाचा किल्लेदार न राहता कथेतील खलपुरुष बनला आणि युद्धकथेला कौटुंबिक व भावनिक परिमाण लाभले. पुढील काळात सर्वसामान्य मराठी माणसाच्या मनात कोंढाण्याच्या प्रसंगाचे जे चित्र रुजले, त्यात बखर, पोवाडा व कादंबरी यांचे असे मिश्रण आहे, आणि त्याला दृश्यरूप देण्यास प्रथम ‘सिंहगड’ या मूकपटाने हातभार लावला.

निर्मिती : बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर व त्यांचे मावसबंधू आनंदराव पेंटर हे कोल्हापूरचे चित्रकार होते. नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगविण्यात त्यांचा लौकिक होता. फाळके यांच्या मूकपटांमुळे चित्रपटनिर्मितीकडे वळलेल्या या बंधूंनी कॅमेरा स्वतःच बनविण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ मध्ये निधन पावले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो पूर्ण केला आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा ‘सैरंध्री’ (१९२०) हा पहिला मूकपट पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. त्यानंतर ‘सुरेखाहरण’ (१९२१) यांसारखे पौराणिक मूकपट काढून बाबूराव ‘सिंहगड’कडे, म्हणजे प्रथमच इतिहासाकडे वळले.

चित्रकलेचे संस्कार त्यांच्या दिग्दर्शनात सर्वत्र दिसत. पात्रांची वेशभूषा, शस्त्रे व दृश्यांची मांडणी यांची रेखाटने ते आधी करीत आणि त्यांनुसार चित्रण होई. रंगभूमीवरील सपाट रंगीत पडद्यांऐवजी खोली असलेले घडीव देखावे उभारण्याकडे त्यांचा कल होता. ऐतिहासिक चित्रपटाला ही दृष्टी पोषक होती. कारण पौराणिक पात्राचा मुकुट कल्पनेने रंगविला तरी चालतो, परंतु मावळ्याची ढाल, पागोटे व तलवार प्रेक्षकाच्या घरच्या आठवणीशी ताडून पाहिली जाते. कोल्हापूर संस्थानात जुनी शस्त्रे, घोडी, मर्दानी खेळांत तरबेज असलेले तरुण व आखाड्यांची परंपरा यांची वाण नव्हती. असे वातावरण मुंबईच्या निर्मात्यांना सहजासहजी लाभणारे नव्हते.

‘सिंहगड’मध्ये बाळासाहेब यादव, कमलादेवी, शांताराम वणकुद्रे (पुढे व्ही. शांताराम) इत्यादींच्या भूमिका होत्या. शेलारमामाची भूमिका शांताराम यांनी केली. त्या वेळी त्यांचे वय एकवीस-बावीस वर्षांचे होते. कमलादेवी या ‘सैरंध्री’पासून कंपनीत काम करीत होत्या. कुलीन स्त्रिया कॅमेऱ्यापुढे येण्यास धजत नसत आणि स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत, अशा काळात महाराष्ट्र फिल्म कंपनीने स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या, ही बाब लक्षणीय आहे. कमलकुमारीसारख्या पात्राला शब्दांचा आधार नसल्याने मुद्राभिनयावरच सारी भिस्त होती.

प्रकाशयोजना : या मूकपटाचे तांत्रिक वैशिष्ट्य म्हणजे कृत्रिम प्रकाशाचा वापर. भारतीय चित्रपटात असा वापर याच मूकपटात प्रथम झाला, असे मानले जाते. त्याचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन चित्रणपद्धती लक्षात घ्यावी लागेल. त्या वेळच्या फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता अल्प होती, तसेच तांबड्या रंगाला ती जवळजवळ संवेदनशून्य होती. त्यामुळे चित्रण भर उन्हात, उघड्या जागी किंवा छत नसलेल्या चित्रगृहात करीत; ऊन तीव्र झाल्यास वर पांढरे कापड ताणून ते सौम्य करीत आणि सावलीतील भाग उजळण्यासाठी परावर्तक फलक वापरीत. रात्रीचे दृश्यही दिवसाच चित्रित करून नंतर फिल्मला निळ्या रंगात बुडवीत. निळा रंग म्हणजे रात्र, हा संकेत प्रेक्षकांच्याही अंगवळणी पडला होता.

‘सिंहगड’च्या कथेला हा संकेत अपुरा होता. तिचा सारा कळस एका रात्रीत घडतो. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे कडा चढण्याची वेळ अंधाराची आणि लढाईची वेळ मशालींच्या व उगवत्या चंद्राच्या उजेडाची. अंधार हा येथे केवळ पार्श्वभूमी नसून मावळ्यांचा साहाय्यकर्ता आहे. दिवसाउजेडी चढणारे मावळे निळ्या रंगात दाखविले असते, तर पहारेकऱ्यांना ते दिसले कसे नाहीत, हा प्रश्न प्रेक्षकाला पडला असता. विजेच्या दिव्यांनी चित्रण केल्याने प्रकाशाची दिशा ठरविता येते, काही भाग उजळून उरलेला काळोखात ठेवता येतो आणि आकृतीला उठाव देता येतो. चित्रकाराला छायाप्रकाशाचे जे स्वातंत्र्य कुंचल्याने मिळते, ते कॅमेऱ्याला या साधनामुळे मिळाले. कथेच्या गरजेतून तंत्रात पडलेली भर, या दृष्टीने हा प्रयोग महत्त्वाचा आहे.

रूपांतराचे स्वरूप : कादंबरीची पृष्ठे वाचकाच्या सवडीने उलटतात, मूकपटाची फिल्म ठरावीक गतीने पुढे सरकते. ३५ मिमी. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटी या मूकपटकालीन गतीने १,००० फुटांचे एक रीळ सु. १७ मिनिटांत संपते. आपटे यांच्या कादंबरीतील दीर्घ संवाद, निवेदकाने वाचकाशी साधलेला संवाद व पात्रांच्या मनातील विचार यांना या हिशेबात जागा नव्हती. अशा वेळी रूपांतरकारापुढे तीन मार्ग असत : प्रसंग गाळणे, संवादाचे कृतीत रूपांतर करणे व उरलेला अपरिहार्य भाग पडद्यावरील लिखित मजकुराने सांगणे. हा मजकूर मुंबई इलाख्यात बहुधा एकाहून अधिक भाषांत दाखवीत. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारचा साक्षर प्रेक्षक तो मोठ्याने वाची, किंवा चित्रपटगृहातील निवेदक कथा सांगे. साथीला पेटी व तबला असे. मूकपटाचे प्रदर्शन म्हणूनच खऱ्या अर्थाने कधी मूक नव्हते. पोवाडा ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला ही पद्धती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

कादंबरी व मूकपट यांच्या तुलनेत आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. आपटे यांच्या कादंबरीत इतिहासकथेला नीतिबोधाची व तत्कालीन देशस्थितीवरील चिंतनाची जोड होती. निवेदक ती उघडपणे करू शके. मूकपटाला तो मार्ग बंद होता. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० पासून मुंबईसह प्रमुख शहरांत अभ्यवेक्षण मंडळे कार्यरत झाली होती आणि राजकीय आशयावर त्यांची नजर असे. ‘सैरंध्री’तील कीचकवधाच्या दृश्यालाही कात्री लागली होती. अशा परिस्थितीत परकीय सत्तेच्या हातातील किल्ला परत मिळविण्याची कथा शब्दांवाचून दाखविणे, हीच एक प्रकारची अभिव्यक्ती ठरली. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘स्वराज्याचे तोरण’ (१९३०) या मूकपटाचे नाव सरकारी आक्षेपामुळे ‘उदयकाल’ असे बदलावे लागले, यावरून शिवकालीन विषयांकडे सत्ता कोणत्या नजरेने पाहत असे, याची कल्पना येते.

प्रदर्शन व करमणूक कर : ‘सिंहगड’ला प्रेक्षकांचा मोठा प्रतिसाद लाभला. या मूकपटाला झालेली गर्दी पाहून मुंबई सरकारने करमणूक कर बसविला, अशी हकीकत चित्रपटविषयक लेखनात वारंवार सांगितली जाते. मुंबईचा करमणूक कर कायदा १९२३ चा आहे, हे खरे. परंतु बंगाल प्रांतात असा कर १९२२ मध्येच लागू झाला होता आणि पहिल्या महायुद्धानंतर सर्वच प्रांतिक सरकारे उत्पन्नाची नवी साधने शोधीत होती. त्यामुळे या कराचे कारण एका मूकपटात शोधणे युक्त ठरत नाही. मात्र अशी आख्यायिका निर्माण व्हावी, एवढी लोकप्रियता त्याला लाभली होती, एवढे तीवरून निश्चित म्हणता येते.

प्रभाव : ‘सिंहगड’च्या यशामुळे ऐतिहासिक मूकपट हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा विशेष ठरला. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या तिच्या मूकपटाला लंडनजवळील वेम्बली येथील प्रदर्शनात पदक मिळाले. ‘नेताजी पालकर’ (१९२७) या मूकपटाद्वारे शांताराम दिग्दर्शनाकडे वळले. दुसऱ्या बाजूला, कादंबरीकाराच्या कथेवर विसंबण्याची पद्धती ‘सावकारी पाश’ (१९२५) या सामाजिक मूकपटात अधिक खोलवर गेली. त्याचे कथालेखक नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) होत. नामसादृश्यामुळे हरि नारायण आपटे व नारायण हरि आपटे यांच्यात पुष्कळदा गल्लत केली जाते.

शांताराम, दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. यांतील पहिल्या चौघांची जडणघडण बाबूरावांच्या हाताखाली झालेली होती. शांताराम यांनी १९३३ मध्ये याच कादंबरीवर ‘सिंहगड’ हा बोलपट दिग्दर्शित केला. दहा वर्षांपूर्वी ज्या मूकपटात त्यांनी शेलारमामा रंगविला, त्याच कथेला आता शब्द, गीते व पार्श्वध्वनी लाभले. कादंबरीतील संवाद मूकपटाला गाळावे लागले होते. ते बोलपटात परत आणणे शक्य झाले. तानाजीची कथा त्यानंतरही रंगभूमीवर व पडद्यावर पुनःपुन्हा येत राहिली.

जतन : भारतात मूकपटांच्या काळात सु. १,३०० चित्रपट तयार झाले. त्यांतील अगदी मोजके आज शिल्लक आहेत आणि त्यांतही अनेकांचे केवळ तुकडे उरले आहेत. त्या काळातील फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून उष्ण व दमट हवेत तिचे आपोआप विघटन होते. प्रथम ती चिकट बनते, मग तिचे थर एकमेकांस चिकटतात आणि अखेर तिची भुकटी होते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारभाव उरला नाही व जुन्या फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक प्रती नष्ट करण्यात आल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर या काळातील बहुतेक ठेवा हातचा गेला होता. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ (१९२७) व ‘सती सावित्री’ (१९२७) यांचे काही भाग तेवढे सुरक्षित राहिले.

नष्ट झाल्याचे समजले जाणारे मूकपट कधीकधी अनपेक्षित ठिकाणी सापडतात. वर उल्लेखिलेल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची (१९२२) प्रत सु. पन्नास वर्षांनी यूगोस्लाव्हियात मिळाली. तीत लिखित मजकूर नव्हता. तो नव्याने सिद्ध करावा लागला. मूळ कादंबरी हाताशी असल्याने अशा कामाला आधार मिळतो. ‘सिंहगड’ची प्रत उद्या सापडली, तर हरिभाऊंच्या कादंबरीचा असाच उपयोग होईल. आज परिस्थिती याच्या उलट आहे. ज्या कादंबरीवरून मूकपट निघाला, ती मराठी वाचक अजूनही वाचतात. किल्ला आहे, पोवाडा आहे, मूकपट मात्र नाही. छापील पुस्तकाच्या शेकडो प्रती घरोघरी व ग्रंथालयांत विखुरतात, म्हणून ते टिकते. चित्रपटाच्या प्रती थोड्या, महाग व नाशवंत असतात. त्यामुळे त्याचे जतन दैवावर सोपविता येत नाही, ते वेळीच व हेतुपूर्वक करावे लागते. ‘सिंहगड’ या मूकपटाच्या इतिहासातून निघणारा हा निष्कर्ष नंतरच्या काळातील मराठी चित्रपटांनाही तितकाच लागू पडतो.